बोटातली वीज आणि कारखान्यातले पॅनेल



वसंतातल्या व्याख्यानांतून आपण साहित्य, इतिहास आणि संतवाङ्मय ऐकावयाचे, तेथे विजेच्या पॅनेलवर बोलावयास एक कामगार कार्यकर्ता उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. पदार्थविज्ञान जे काही शिकलो ते जुन्या पुस्तकांतून आणि फिटर-इलेक्ट्रिशियन मंडळींच्या तोंडून. पण विषय आपल्या घरचा आहे. आपल्या भागात कापसाचे जिन आहेत. जवळच जालन्यात सळ्यांच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांचे कारखाने आहेत. तेथली मोठमोठी यंत्रे आज एका पत्र्याच्या कपाटात बसलेल्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलच्या हुकमतीत चालतात. हे पॅनेल अचानक बंद पडले की पहिला प्रश्न येतो, "शेवटी हात कोणी लावला?" हा प्रश्न कितपत न्यायाचा आहे, ते आज पाहू.

हाताच्या स्पर्शाने पॅनेल बिघडू शकते, हे खरे आहे. ते कसे, हे आधी समजून घेतले पाहिजे. अंधारात घोंगडी झटकली म्हणजे बारीक ठिणग्या दिसतात, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. टेरिकॉटचा सदरा काढताना चटचट आवाज होतो. कोरड्या केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांस चिकटून अलग झाले की एकावरचे काही विजेचे कण दुसऱ्यावर जातात. ते परत वाहून गेले नाहीत तर जागच्या जागी साठून राहतात. हीच स्थिर वीज. माणूस रबरी तळव्याची चप्पल घालून गुळगुळीत फरशीवरून चालला की पावलागणिक हेच घडते, आणि ही वीज त्याच्या अंगावर साठते.

ती किती साठते? अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८० साली काढलेल्या एका हस्तपुस्तिकेत याचे नमुन्याचे आकडे आहेत. हवेतील सापेक्ष आर्द्रता १० ते २० टक्के असताना व्हिनाइलच्या फरशीवरून चालणाऱ्याच्या अंगावर १२,००० व्होल्टपर्यंत दाब चढतो. तीच आर्द्रता ६५ ते ९० टक्के असली की तो अवघा २५० व्होल्ट राहतो. माणूस तोच आणि फरशीही तीच. फरक एकट्या हवेने पडला. दमट हवेत वस्तूंवर ओलाव्याचा अतिपातळ थर बसतो आणि त्यातून वीज गुपचूप निघून जाते. आपल्या मराठवाड्यात चैत्र-वैशाखाच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर, कधी त्याहूनही खाली येते. म्हणजे श्रावणात जो हात निरुपद्रवी असतो, तोच वैशाखात ठिणगी टाकतो.

कोणी विचारील, बारा हजार व्होल्टने माणूस मरत कसा नाही? माळवदावर तांब्याभर पाणी ठेवले तर त्याला उंची आहे, पण साठा तांब्याभरच. अंगावरच्या स्थिर विजेचेही तसेच आहे. दाब मोठा, साठा अगदी थोडा. म्हणून माणसाला नुसता चटका बसतो, आणि सुमारे ३,००० व्होल्टच्या खाली तर तोही जाणवत नाही.

पण जे माणसाला जाणवत नाही, ते पॅनेलमधल्या नाजूक भागाचा जीव घेऊ शकते. जुनी पॅनेले रिले आणि कॉन्टॅक्टर यांची होती. त्यांच्या तांब्या-लोखंडाला बोटाच्या ठिणगीची फिकीर नव्हती. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत रिलेच्या जागी पीएलसी नावाचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आले, आणि पुढे ते सर्वत्र पसरले. त्यांतील कार्डांवर जे ट्रान्झिस्टर असतात, त्यांपैकी पुष्कळांत वीज अडविणारा काचेसारखा एक थर असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या हिश्श्याएवढी, पुष्कळदा त्याहूनही कमी. काही भागांच्या या थराला भोक पडावयास १०० व्होल्टही पुरतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की ठिणगी थेट कार्डावरच पडली पाहिजे असे नाही. ती पॅनेलच्या दारावर पडली आणि दार नीट अर्थ केलेले नसले, तर तिच्या धक्क्याने आतील तारांत खोटे संकेत उठतात आणि चालते यंत्र थांबते. पॅनेलची परीक्षा घेण्याची जी आंतरराष्ट्रीय रीत आहे, तीत ८,००० व्होल्टची कृत्रिम ठिणगी देतात; तेव्हा क्षणभर ३० ॲम्पियर प्रवाह वाहतो, आणि तो चढावयास सेकंदाचा अब्जावा हिस्साही लागत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ठिणगीने दुखावलेला भाग दरवेळी तत्काळ मरत नाही. तो अधू होऊन काम करीत राहतो आणि काही आठवड्यांनी, दुसऱ्याच पाळीत, दुसऱ्याच माणसाच्या हाताखाली बंद पडतो. मग "शेवटी हात कोणी लावला" या प्रश्नाचे उत्तर मिळूनही अपराधी सापडत नाही. शिवाय पॅनेल उष्णतेने, धुळीने, लाइनच्या दाबातील चढउतारानेही बिघडते. या सर्वांचे माप एकट्या ऑपरेटरच्या पदरात घालणे हे शास्त्रालाही धरून नाही.

मग उपाय काय? पहिला उपाय स्वस्त आहे. पॅनेलचे दार आणि चौकट यांच्यामध्ये तांब्याची विणलेली पट्टी असावी, आणि ती जोडते तेथला रंग खरवडून काढलेला असावा. बिजागरीवर भिस्त ठेवू नये. रंग आणि ग्रीस मध्ये असल्यावर बिजागरी वीज नेईलच असे नाही. एका कारखान्यात, त्याचे नाव येथे घेत नाही, उन्हाळ्यात तीनदा कार्ड गेले आणि ऑपरेटरच्या पगाराला हात लागला. आम्ही जाऊन पाहिले तर दाराची पट्टी सुटून लोंबत होती. बिघाडाचे तेवढे एकच कारण होते असा माझा दावा नाही, पण ती पट्टी पाहण्याचे काम ऑपरेटरचे खासच नव्हते.

दुसरा उपाय कामगाराच्या हातचा आहे. बटणांना किंवा पडद्याला हात लावण्यापूर्वी अर्थ केलेल्या चौकटीच्या उघड्या धातूला हात लावावा. कार्ड हाताळावयाचे तर पुरवठा तोडून, कडेला धरून हाताळावे आणि त्याच्या चंदेरी पिशवीतच ठेवावे. त्या वेळी मनगटाला अर्थचा पट्टा बांधतात. त्यात दहा लाख ओहमचा रोध असतो. त्यातूनही अंगावरची वीज सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात निघून जाते. आणि चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिॲम्पियरहून कमी प्रवाह जातो. तरीसुद्धा चालू पॅनेलमध्ये उघड्या तारांजवळ हा पट्टा कधीही बांधू नये. अर्थला जोडलेल्या माणसाला मोठ्या विजेचा धोका अधिक असतो.

यातूनच एक पेच निघतो. पॅनेलपुढे जी रबरी मॅट अंथरलेली असते, ती माणसाला जमिनीपासून अलग ठेवून त्याचा जीव राखते. पण त्याच कारणाने अंगावरची स्थिर वीजही ती उतरू देत नाही. म्हणून कार्डे वाचविण्यासाठी मॅट काढावी, असा सल्ला कोणी दिला तर तो साफ धुडकावून लावा. मॅट राहू द्या आणि हात लावावयास अर्थ केलेली उघडी धातूची जागा चौकटीवर करून घ्या. कार्ड दुसरे मिळते.

तिसरा उपाय हवेचा. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता राखली तर स्थिर वीज बरीच आटोक्यात राहते. जिनमधील जाणत्या मंडळींना हे नवे नाही. कापूस फार कोरडा असला की रुई पत्र्याला चिकटून यंत्र तुंबते. मुंबईच्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम ओली करीत. पण त्या दमट उकाड्यात माणसे घामाघूम होत, म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्यात १५ वे कलम खास कृत्रिम आर्द्रतेचे नियमन करण्यासाठी घातले गेले. यंत्राला सोसणारी हवा माणसालाही सोसली पाहिजे, हे तत्त्व तेव्हाच मान्य झालेले आहे. पॅनेलच्या छोट्या खोलीपुरती हवा राखणे अवघड नाही.

आता पगाराविषयी. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल तरच त्याच्या वेतनातून कपात करता येते, आणि त्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. हा नियम १९३६ च्या वेतन कायद्यात होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण म्हणणे मांडावयाचे तर माणसाजवळ म्हणणे असावे लागते. "मी काही केले नाही" एवढ्याने भागत नाही. दाराची पट्टी जोडलेली होती का, अर्थिंगची तपासणी केव्हा झाली, त्या दिवशी खोलीतील आर्द्रता किती होती, कार्ड कोणत्या पिशवीतून आले, हे प्रश्न त्याला विचारता आले पाहिजेत. आणि हात लावण्याची शिस्त आपण स्वतः पाळली, हेही त्याला छातीठोकपणे सांगता आले पाहिजे.

येथे कारखान्याचे मालक आणि व्यवस्थापक बसले असतील, तर त्यांना माझी विनंती आहे, की उन्हाळा पुढे सरकण्याआधी पॅनेलची दारे एकदा तपासून घ्यावीत. कामगार बांधवांना सांगणे आहे, की उद्या पाळीवर गेलात म्हणजे आपल्या पॅनेलचे दार उघडण्याचा अधिकार ज्या इलेक्ट्रिशियनला असेल, त्याला ती पट्टी पाहावयास सांगा, आणि काय आढळले ते तारखेनिशी वहीत लिहवून घ्या.