आकृतिबंधाची ग्राह्यता, शेअरबाजारातील

भावांच्या आलेखावर उमटलेल्या आकृतिबंधावरून आखलेल्या खरेदी-विक्रीच्या योजनेचा आधार अद्याप टिकून आहे की नाही, हे ठरविणे म्हणजे त्या आकृतिबंधाची ग्राह्यता पारखणे होय. भाव अपेक्षित दिशेने गेला म्हणजे आकृतिबंध ग्राह्य होता, ही समजूत चुकीची आहे. ग्राह्यता निकालावरून नव्हे, तर व्यवहारापूर्वी निश्चित केलेल्या अटींवरून ठरते.

या अटींचे तपशीलवार विवेचन रॉबर्ट एडवर्ड्‌स व जॉन मगी या अमेरिकन विश्लेषकांनी टेक्निकल ॲनॅलिसिस ऑफ स्टॉक ट्रेंड्‌स (१९४८) या ग्रंथात केले. त्यांतील ‘मस्तक व स्कंध’ हा आकृतिबंध उदाहरणादाखल घेता येईल. समजा, चढत्या बाजारात एखाद्या शेअरच्या भावाने ५२०, ५६० व ५२५ रु. अशी क्रमाने तीन शिखरे गाठली आणि मधल्या दोन्ही उतारांत तो ४८० रुपयांवर थांबला. ४८० रुपयांची पातळी ही ‘कंठरेषा’. ती तुटेपर्यंत आकृतिबंध पुरा होत नाही. दिवसातील क्षणिक घसरण त्यास पुरेशी नसून बंद भाव कंठरेषेखाली सुमारे ३ टक्के, म्हणजे ४६५ रुपयांच्या आसपास, जावा लागतो. त्यानंतर भाव पुष्कळदा कंठरेषेपर्यंत परत येतो. तेवढ्याने आकृतिबंध बाद होत नाही. मात्र बंद भाव तिच्यावर टिकू लागल्यास शंका घ्यावी आणि ५२५ रुपयांचे उजव्या स्कंधाचे शिखर ओलांडले गेल्यास आकृतिबंध रद्द समजावा.

ग्राह्यता व किफायत या गोष्टी भिन्न आहेत. मस्तक व कंठरेषा यांतील ८० रुपयांचे अंतर कंठरेषेखाली मोजल्यास अपेक्षित भाव ४०० रु. येतो. भाव ४३० रुपयांवर असता आकृतिबंध ग्राह्यच असतो. पण तेव्हा नव्याने विक्री करणारा ३० रुपयांच्या लाभासाठी ९५ रुपयांची जोखीम पत्करतो.

काळाचीही मर्यादा असते. समद्विभुज त्रिकोणात भाव पायापासून शिरोबिंदूकडील निम्मे ते पाऊण अंतर कापताना बाहेर पडल्यास तो संकेत भरवशाचा मानतात. त्यापुढे रेंगाळल्यास आकृतिबंधाचे बळ सरते. वरच्या दिशेने बाहेर पडताना उलाढाल वाढणे आवश्यक. घसरणीस मात्र ही अट नाही. एकास एक बोनस शेअर दिल्यावर भाव सुमारे निम्मा होतो. जुने भाव त्या प्रमाणात दुरुस्त केलेले नसतील, तर आलेखावर दिसणारी पडझड केवळ आभास असते.

अटी नेमक्या असल्या, तरी त्या पाळता येतीलच असे नाही. लोकसभा निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे २००९ रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक १७ टक्क्यांहून अधिक चढला आणि वरच्या मर्यादेमुळे व्यवहार थांबविण्यात आले. घसरणीवर भिस्त ठेवणाऱ्यांना आपली चूक कळली, पण ठरविलेल्या भावास बाहेर पडता आले नाही.

कॅरल ऑस्लर व केव्हिन चँग यांनी १९९५ मध्ये सहा चलनांच्या डॉलरमधील दरांवर ‘मस्तक व स्कंध’ तपासला; मार्क व येन या दोहोंतच तो लाभदायी आढळला. त्यासाठी आकृतिबंधाची व्याख्या संगणकास आधी काटेकोर नियमांत द्यावी लागली होती. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र तोटा दिसू लागला की रेषा थोडी सरकवून आकृतिबंध ‘जिवंत’ ठेवण्याचा मोह अनुभवी माणसासही होतो. सेबीच्या २०२४ मधील अहवालानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या काळात शेअरबाजारातील वायदे व विकल्प व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. हा आकडा केवळ आलेख पाहणाऱ्यांचा नव्हे; तथापि अशा व्यवहारांत रेषा सरकवून काढलेला एखादा दिवसही सबंध भांडवल गिळू शकतो.