गवतात लपलेलं पिल्लू मोबाईलला दिसेल का? थर्मल कॅमेरा नेमकं काय करतो

पाऊस ओसरला की देवरूखच्या आसपासच्या सड्यांवर गवत कापणी सुरू होते. पूर्वी हातात विळा असायचा, आता बऱ्याच जणांच्या खांद्याला ग्रास कटर दिसतो. काम भराभर होतं, पण एक फरक पडतो. विळ्याने कापणारा माणूस वाकलेला असतो, समोरचं त्याला दिसतं. कटरचं पातं मात्र गवताच्या बुडाशी फिरतं आणि मशीनच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. त्याच गवतात भेकराचं पाडस किंवा सशाचं पिल्लू असलं तर?

पिल्लू पळून का जात नाही?

हरणांच्या बऱ्याच जातींमध्ये आई पाडसाला आडोशाला लपवून चरायला जाते. धोका जाणवला की पाडस पळत नाही, जमिनीला चिकटून निपचित पडतं. शिकारी जनावरापुढे ही युक्ती चालते, पात्यापुढे नाही.

युरोपात हा प्रश्न फार मोठा आहे. तिथे रो हरणाची पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात आणि नेमकी तेव्हाच गवताची पहिली कापणी असते. म्हणून कापणीआधी पहाटे थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन फिरवतात. पाडस सापडलं की हातमोजे घालून, गवताच्या पेंडीसकट उचलतात, बाजूला खोक्यात ठेवतात आणि कापणी झाली की लगेच सोडतात. जर्मनीच्या कृषी मंत्रालयाने २०२१ पासून असे ड्रोन घ्यायला संस्थांना अनुदानही दिलं.

थर्मल कॅमेरा काय बघतो?

आपल्या मोबाईलचा कॅमेरा वस्तूवरून परत आलेला उजेड टिपतो. थर्मल कॅमेरा वस्तूतून स्वतःहून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. ही उष्णता साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरींमध्ये असते. गार गवतात गरम अंगाचं पिल्लू स्क्रीनवर पांढऱ्या ठिपक्यासारखं चमकतं.

आता थोडं गणित. ड्रोन ५० मीटर उंचीवर आहे, सेन्सर ६४० पिक्सेल रुंद आहे आणि कॅमेऱ्याचा कोन ४० अंश आहे असं धरा. मग स्क्रीनवर साधारण ३६ मीटर रुंदीची जमीन मावते, म्हणजे एक पिक्सेल जवळपास पावणेसहा सेंटीमीटरचा. ३५ सेंटीमीटरचं पाडस सहा पिक्सेल व्यापतं, ओळखता येतं. त्याच जागी १६० पिक्सेलचा स्वस्त सेन्सर लावला, तर तेच पाडस दीड पिक्सेलचं होतं. म्हणजे दगड की जनावर, हे सांगणं मुश्कील!

आणि आपल्याकडे दगड आहेतच. सड्याचा कातळ दिवसभर तापतो आणि ती ऊब धरून ठेवतो. दुपारी स्क्रीनवर सगळंच गरम दिसेल. म्हणून वेळ महत्त्वाची: रात्रभर जमीन निवल्यावर, उन्हाच्या आधी. दाट गवताच्या आरपारही हा कॅमेरा बघत नाही. फटीतून जेवढी ऊब वर येईल तेवढीच दिसते.

मग ‘थर्मल कॅमेरा’ ॲप डाउनलोड करू का?

नको! ती ॲप साध्या फोटोला लाल-निळे रंग फासतात, बस्स. मोबाईलच्या कॅमेऱ्यातला सिलिकॉन सेन्सर साधारण १.१ मायक्रोमीटरच्या पुढे आंधळा असतो आणि साधी काच अंगाची ऊब अडवते. खऱ्या थर्मल कॅमेऱ्याची भिंग त्यामुळे जर्मेनियमसारख्या पदार्थाची असतात. २०१६ च्या कॅट एस६० सारख्या मोजक्या फोनमध्ये वेगळा थर्मल सेन्सर बसवलेला होता. बाकी फोनला तो बाहेरून जोडावा लागतो.

एक गंमत करून बघा. टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका दिसतो. तोही इन्फ्रारेडच, पण जवळच्या लहरींचा. अंगाची ऊब त्याच्या कितीतरी पुढे असते.

जुन्नरच्या उसातली बिबट्याची पिल्लं

महाराष्ट्रात याच्या सगळ्यात जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात सापडतं. ऊस वर्षभर उभा असतो, त्यामुळे बिबट मादी उसातच पिल्लं घालते. तोडणी सुरू झाली की मजुरांना पिल्लं सापडतात. मादी जवळपास असू शकते, म्हणजे जीव दोन्हीकडचा धोक्यात.

अशा वेळी वनविभाग आणि माणिकडोहचं बिबट्या निवारण केंद्र चालवायला मदत करणारी वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था पिल्लांची तपासणी करतात आणि संध्याकाळी ती सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात. भोवती कॅमेरा ट्रॅप लावतात. हा थर्मल कॅमेरा नव्हे. समोर ऊब असलेलं काही हललं की त्यातला सेन्सर जागा होतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड दिव्यात फोटो निघतो. मादी येऊन पिल्लाला तोंडात धरून नेते, हे अशा कॅमेऱ्यांनी अनेकदा टिपलं आहे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही समजूत इथे खोटी ठरली.

आपण काय करू शकतो?

- आदल्या संध्याकाळी गवतात काठ्या रोवून त्यांना फडफडणारी फडकी बांधा. आईला जागा धोक्याची वाटली तर ती पिल्लाला घेऊन जाते.
- मशीन लावण्याआधी दोघातिघांनी ओळीने गवतातून चालत जा.
- मधून सुरुवात करून कडेकडे कापत जा. मोठ्या जनावरांना पळायला वाट राहते.
- पिल्लू दिसलं तर मशीन बंद. त्याच्याभोवतीचं गवत तसंच ठेवा आणि लांब व्हा.
- वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. घरी नेऊ नका, दूध पाजू नका.
- ड्रोन उडवायचा असेल तर ड्रोन नियम २०२१ पाळा. जंगलाच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय उडवू नका.

आणि रील? पिल्लाभोवती गर्दी असेपर्यंत आई जवळ येत नाही. लोकेशन टाकलंत तर गर्दी वाढते. लांबून एक फोटो काढा, वनरक्षकाला पाठवा आणि फोन खिशात ठेवा. त्या दिवशी मोबाईलचं एवढंच काम पुरेसं आहे.