धंदा कशासाठी? आधी एवढं ठरवू

 

आज आपण आपल्या बचत गटाच्या कर्जवहीतल्या एका रकान्याबद्दल बोलणार आहोत. त्या रकान्यावर लिहिलेलं असतं, 'कर्जाचे कारण'. बैठकीत सचिव ताई विचारतात, "काय लिहू?" आपण म्हणतो, "लिहा, धंद्यासाठी." मग त्या शेळी, शिलाई मशीन किंवा किराणा असं काहीतरी लिहितात. सह्या-अंगठे होतात, पैसे हातात पडतात आणि आपण चहा पिऊन घरी जातो. हा धंदा हिला का करायचाय, हे कुणी विचारत नाही. आपणही स्वतःला विचारत नाही. हप्ता मात्र पुढे दर महिन्याला आपल्याच नावावर येतो.

आम्ही स्वतः अशी कर्जं घेतली, काही फेडली, काहींनी आमचा घाम काढला. त्यातून एक गोष्ट आम्हाला पटली. धंदा कोणता करायचा हे नंतर ठरवावं, कशासाठी करायचा हे आधी. कारण आपलं स्वतःचं असेल तर बाई बसलेला धंदाही पुन्हा उभा करते. कारण दुसऱ्याचं असेल तर बरा चाललेला धंदाही सुटतो. तर माणसं धंद्यात का उतरतात, ते एकेक करून पाहू.

पहिलं कारण: गरज

आपल्या कळंब तालुक्याला दुष्काळ नवा नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे आपण पाहिलंय. अशा वर्षी खुरपणीचा रोजही मिळत नाही. मग घर चालवायला काहीतरी करावंच लागतं. बहुतेक बायांचा धंदा असाच सुरू होतो, हौसेनं नाही.

भूम-वाशीकडचा खवा बघा ना. बालाघाटच्या त्या भागात जमीन हलकी आणि पाणी कमी. शेतीवर भागत नाही म्हणून घरोघरी जनावरं. पण दूध टिकत नाही आणि मोठी बाजारपेठ लांब. तेच दूध कढईत आटवलं की चार-पाच लिटर म्हशीच्या दुधाचा किलोभर खवा होतो, आणि तो लांबच्या बाजारालाही पाठवता येतो. अडचणीतून निघालेल्या या कुंथलगिरीच्या खव्याला आज भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे.

लिज्जत पापडाची गोष्टही अशीच. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बाया पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले 80 रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. घराला हातभार लावायचा आणि आपल्याला येतं तेच काम करायचं, एवढाच त्यांचा विचार होता.

पण गरजेचं एक आहे. ती आपल्याला धंद्यात ढकलते, टिकवून मात्र ठेवत नाही. पाऊस चांगला झाला, सोयाबीनच्या काढणीला रोज वाढला, की आपण म्हणतो, "जाऊ दे तो पापडाचा व्याप." गिऱ्हाईक मग दुसरीकडे जातं, आणि पुढच्या दुष्काळात आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणून गरजेच्या जोडीला दुसरंही कारण लागतं.

दुसरं कारण: हातातलं कसब

एखादीच्या हाताला शेवयांचं वळण असतं. एखादीनं शिवलेलं झंपर एकदा घातलं की दुसरीकडचं आवडत नाही. एखादीला शेळीचा आजार नुसत्या तिच्या रवंथावरून कळतो. पण आपण याला कसब म्हणत नाही, "घरचंच काम" म्हणतो. ज्या कामाची किंमत आपणच लावत नाही, ती दुसरं कोण लावणार?

मुंबईच्या गिरणगावात खाणावळ चालवणाऱ्या बाया होत्या. गिरणीतल्या कामगारांना दोन वेळचं जेवण करून घालायच्या. स्वयंपाक उत्तम, कष्ट उदंड, पण किराणा उधारीवर आणि पैसा सावकाराच्या व्याजाचा. कमाई कुठे जाते तेच कळायचं नाही. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. स्वयंपाक तोच राहिला. फरक पडला तो एवढाच, की आपण जे करतो तो धंदा आहे, त्याला हिशोब आहे आणि बँकेत पत आहे, हे बायांना समजलं.

तिसरं कारण: दुसरीचं पाहून

हे कारण लहान समजू नका. "तिला जमलं, मग मला का नाही?" या एका वाक्यानं किती बायांना उंबऱ्याबाहेर काढलंय! आपल्याच जिल्ह्यातल्या हिंगळजवाडीच्या कमल कुंभार यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांनी बांगड्या विकण्यापासून सुरुवात केली, पुढे कोंबडीपालनात उतरल्या आणि नंतर इतर अनेक बायांना धंद्याला लावलं. 2021 सालचा नारीशक्ती पुरस्कार त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते मिळाला. मुंबई-पुण्याची मोठी बाई पाहून आपल्याला जेवढं बळ येतं, त्याहून जास्त बळ असं शेजारच्या गावची बाई पाहून येतं. कारण तिचं ऊन, तिचं पाणी, तिची एसटी आणि आपली एकच असते.

मात्र एक सांभाळा. पाहून हिंमत घ्यावी, धंदा जसाच्या तसा उचलू नये. एका गल्लीत एकीचं किराणा दुकान चाललं की वर्षभरात तिथं तीन दुकानं होतात, आणि मग तिघींचंही चालत नाही.

चौथं कारण: आपल्या हातचा पैसा, आपलं नाव

हे कारण बाया उघड बोलत नाहीत. पण बैठक संपल्यावर दोघी-तिघी मागं राहिल्या की ते निघतं. "लेकीच्या फीसाठी कुणापुढं हात पसरावा लागू नये." "माहेरी जाताना एसटीचं तिकीट माझ्या पैशाचं असावं." "घरात काही ठरवताना मलाही विचारावं." यात लोभ नाही, मान आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप आपल्या भागात कोण विसरेल? लातूर आणि आपल्या जिल्ह्यात हजारो माणसं गेली, घरं पडली. त्यानंतर घरं पुन्हा बांधण्याच्या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत गावोगावच्या बाया संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. घर कसं बांधायचं, सरकारी मदत कशी मिळवायची, हे त्या गावाला समजावून सांगू लागल्या. त्याआधी ज्या बाया चावडीपुढून पदर ओढून जायच्या, त्या अधिकाऱ्यांशी समोर बसून बोलल्या. पुढे त्याच संस्थेच्या साथीनं बचत गट, शेती आणि छोटे धंदे उभे राहिले. एकदा चारचौघांत नाव घेतलं गेलं, की बाई पुन्हा बिननावाची व्हायला तयार होत नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला चेतना सिन्हा यांच्यासोबत बायांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. तोही आपल्यासारखाच दुष्काळी मुलूख. रोजचे थोडे पैसे साठवायला कुठली बँक खातं उघडून देईना, हे त्यामागचं कारण. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला, कारण बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया परत आल्या, अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. नुसती गरज असती तर पहिल्या नकारालाच त्या घरी बसल्या असत्या. त्यांना परत नेलं ते मानानं.

उसनं कारण

आता आमचीच चूक सांगतो. आमच्या गटात एकदा बातमी आली, मशीनवर अनुदान मिळतंय. आम्ही कुणाला काही न विचारता शेवयांचं मशीन घेतलं. का घेतलं? तर अनुदान होतं म्हणून. शेवया कोण विकत घेणार, उन्हाळा सोडून मशीनवर काय करणार, ते कुणाच्या घरी राहणार, विजेचं बिल कोण भरणार, यातलं काहीच बोललो नव्हतो. पहिला उन्हाळा हौसेत गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात भांडणं झाली. तिसऱ्या वर्षी मशीनवर पोतं टाकलेलं होतं आणि आम्ही दहाजणी खुरपणीच्या रोजातून बँकेचा हप्ता भरत होतो. मशीन खराब नव्हतं, योजनाही वाईट नव्हती. आमच्यापाशी आमचं कारणच नव्हतं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे कर्ज बाईच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात. वहीत लिहिलेलं असतं 'शेळी', आणि दारात उभी असते मोटारसायकल. घरच्या अडचणीला कर्ज घेणं हा गुन्हा नाही. लग्न, दवाखाना, शिक्षण कुणाला चुकलंय? पण मग तसंच लिहा आणि तेवढंच घ्या. धंद्याच्या नावानं मोठं कर्ज घेतलं, तर त्याचा हप्ता भरायला धंदाच नसतो. मग एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढावं लागतं, आणि हप्त्याच्या दिवशी बाई घराला कडी लावून शेजारी जाऊन बसते. आपल्यापैकी काहीजणींनी ते दिवस काढलेत.

रिंग किती लांबून टाकायची?

कारण सापडलं, की पुढचा प्रश्न येतो, उडी केवढी मारायची? येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत रिंग टाकून वस्तू जिंकायचा खेळ आपण सगळ्यांनी पाहिलाय. डेव्हिड मॅक्लेलँड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं असाच खेळ लोकांना खेळायला दिला. किती लांबून टाकायची ते ज्याचं त्यानं ठरवायचं. काहीजण अगदी खुंटीजवळ उभे राहिले, काहीजण उगाच खूप लांब गेले. पण ज्यांच्या मनात काहीतरी करून दाखवायची खरी ओढ होती, ते मधल्या अंतरावर उभे राहिले. जिथून रिंग पडेलही आणि चुकेलही, पण नेम सुधारला तर नक्की पडेल.

ही ओढ शिकवून वाढवता येते, असं त्यांचं म्हणणं होतं. 1964 साली आंध्र प्रदेशातल्या काकीनाडा इथं त्यांच्या पद्धतीनं पन्नासेक लहान व्यावसायिकांचं शिबिर झालं. पुढे काही वर्षांनी पाहिलं, तेव्हा शिबिर केलेल्यांनी धंद्यात जास्त धडपड केलेली दिसली. म्हणजे हिंमत ही जन्मानं मिळते असं नाही, ती सरावानंही येते.

आपल्या भाषेत सांगायचं तर पहिल्याच वर्षी वीस शेळ्या आणू नका. आपली उस्मानाबादी शेळी बऱ्याचदा जुळी करडं देते. दोन शेळ्यांपासून सुरू करा. चारा, लसीकरण, विक्री यांचा एक फेरा पूर्ण होऊ द्या. नेम बसला की एक पाऊल मागं सरका.

पुढच्या बैठकीत

पुढच्या बैठकीत कर्ज मागणारीला आपण तीन प्रश्न विचारू. हटकायला नाही, तिच्या भल्यासाठी.

एक, या धंद्यातून आलेल्या पहिल्या हजार रुपयांचं तू काय करणार? यावर जे उत्तर येईल, तेच तिचं खरं कारण.

दोन, अनुदान मिळालं नाही तरी हा धंदा करशील का? "नाही" म्हणाली, तर अजून थोडं थांबू.

तीन, पैसा कुणाच्या हातात राहणार आणि हिशोब कोण लिहिणार? "मीच" असं उत्तर आलं, तर पुढचं सगळं शिकता येतं.

आणि अडखळली, तर तिला कमी लेखू नका. पोतं टाकलेलं ते मशीन आम्ही पुढे पुन्हा चालू केलं. आमच्यातल्या दोघी पुढं आल्या. एकीला लेकीला नर्सिंगला घालायचं होतं, दुसरीला सासरी आपलं म्हणून काहीतरी हवं होतं. बाकीच्यांनी मशीन त्यांना भाड्यानं दिलं. आता उन्हाळ्यात पहाटेपासून रांग असते, आणि भाड्यातून गटाचा हप्ता वेळेवर जातो. मशीन तेच, गावही तेच. फक्त या वेळी चालवणारींना माहीत होतं, कशासाठी.

तर मैत्रिणींनो, वहीतला तो रकाना पुढच्या वेळी खरा भरा. तुमच्या गटात काय उत्तरं आली ते आम्हाला नक्की कळवा. आज इथंच थांबतो. नमस्कार!