माहेरच्या वाटेने पन्नास हजार वर्षं

कोकणस्थ घराण्यांचे जाडजूड कुलवृत्तांत उघडले, की मूळ पुरुषापासून आजच्या पिढीपर्यंत बापाचा वंश पायरीपायरीने उतरत येतो. घरात आलेल्या सुनेचं नाव बदललेलं, माहेरचं आडनाव फार तर कंसात. तिची आई कोण, आजी कोण, हे त्या पानांना ठाऊक नसतं. ही हरवलेली वाट विज्ञानाला सापडली ती गेल्या चाळीसेक वर्षांत, आणि तीही पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये.

तंतुकणिकांचा डीएनए वेगळा, जेमतेम 16,569 अक्षरांचा. तो आईकडून मुलांना मिळतो. मुलगा तो बाळगतो, पण पुढे देत नाही. लेकीमागून लेक, अशीच ती वाट चालते. हजारो वर्षांत एखादं अक्षर बदलतं आणि बदल मोजले की काळाचा अंदाज बांधता येतो. 1981 मध्ये केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हा मजकूर पहिल्यांदा पूर्ण वाचला. 1987 मध्ये बर्कलीच्या रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी 147 जणांचे नमुने ताडून पाहिले. त्यातले बहुतेक नमुने बाळंतपणानंतर एरवी टाकून दिल्या जाणाऱ्या वारेचे होते! साऱ्या वाटा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी पोचल्या. त्या काळी ती एकटीच स्त्री होती असं मुळीच नाही. इतरांची लेकीमागून लेक ही साखळी कुठेतरी तुटली, एवढंच.

पुढे या मातृवंशांना इंग्रजी अक्षरांची नावं मिळाली. आफ्रिकेतल्या एलच्या एका फांदीतून एम आणि एन बाहेर पडले, एनमधून आर आणि आरमधून यू. भारतात निम्म्याहून जास्त लोक एमचे. यू हा मात्र युरोप आणि पश्चिम आशियाचा म्हणून ओळखला जाई. त्यामुळे तो भारतीयांत दिसला, की अलीकडे बाहेरून आलेल्यांची खूण असं मानणं सोपं होतं.

1999 मध्ये एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठाचे टूमास किविसिल्ड आणि सहकाऱ्यांनी त्या समजुतीला धक्का दिला. भारतातल्या यूचा मोठा वाटा यू-२ च्या वेगळ्याच फांद्यांवरचा निघाला. या फांद्या आणि युरोपातली यू-२ई यांची ताटातूट झाली ती सुमारे पन्नास हजार वर्षांपूर्वी. शेती नव्हती, गाव नव्हतं, आज बोलली जाणारी एकही भाषा नव्हती, तेव्हाची ही ताटातूट.

2010 मध्ये याच वंशाचा जुना पुरावा रशियात मिळाला. डॉन नदीकाठच्या कोस्तेंकीला 1954 मध्ये एका तरुणाचा सांगाडा सापडला होता: अंग मुडपून पुरलेला, लाल गेरू माखलेला, सुमारे 37 हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या हाडातून निघाला यू-२. त्याच्या आईची वाट त्याच्यापाशी थांबली. तिला लेकी असतील तर त्यांच्याकडून पुढे गेली असेल.

आपल्याकडचा धागा राखीगढीत हाती लागला. हरियाणातल्या या हडप्पाकालीन शहराच्या दफनभूमीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांचे सहकारी खणत होते. तिथल्या उन्हाने आणि दमटपणाने हाडांतला डीएनए जवळपास संपवलेला. 61 नमुने तपासले, त्यातल्या एकातच कामापुरता डीएनए टिकलेला होता. शरीरातलं सर्वांत घट्ट हाड कानाच्या आतल्या भागाभोवतीचं. त्याची पूड घेऊन शंभराहून अधिक वेळा खटपट केली, तेव्हा कुठे अक्षरं जुळली. डोक्याशी मडकी ठेवून पुरलेली ती व्यक्ती बाई निघाली. काळ साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीचा, मातृवंश यू-२बी-२. 2019 च्या सप्टेंबरमध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मध्य आशियातल्या शेकडो प्राचीन व्यक्तींत ही फांदी आढळलेली नव्हती. आज ती जवळजवळ फक्त दक्षिण आशियात आढळते.

त्यानंतर वाद पेटले, आर्य आले की नाही इथपासून. पण त्या वादांचा निवाडा एकट्या मातृवंशावर करणं चूकच. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांची 1,024 घरं होतात आणि मातृवंश त्यातल्या एकाच घराशी नेतो. शिवाय यू-२ वर कुणा एका जातीची किंवा भाषेची मालकी नाही. राखीगढीच्या बाईच्या उरलेल्या जनुकांत युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश मिळाला नाही. आजच्या बहुसंख्य भारतीयांत तो कमीअधिक आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात.

प्रयोगशाळेला वंशाचं अक्षर सापडतं, नाव सापडत नाही. ते घरातच मिळेल. कुलवृत्तांताच्या शेवटच्या कोऱ्या पानावर आईच्या आईचं, तिच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव लिहून ठेवा. विचारायला आजी आहे, तोवरच.