बटाट्यावरील दुहेरी विषाणुरोग

बटाट्याच्या झाडास एकाच विषाणूची लागण झाली असता ते पुष्कळदा तग धरते. परंतु त्याच झाडात दुसरा विषाणू शिरला, तर होणारे नुकसान दोहोंच्या बेरजेहूनही अधिक असते. बटाट्यावरील केवड्याचा एक प्रकार 'एक्स' व 'वाय' या दोन विषाणूंच्या संयोगाने होतो, असे केंब्रिज येथील शास्त्रज्ञ केनेथ स्मिथ यांनी १९३१ साली दाखवून दिले.

'एक्स' एकटाच असता पानांवर फिकट ठिपके दिसतात. कित्येकदा तेही दिसत नाहीत. 'वाय'ची जोड मिळताच पाने सुरकुततात, झाड खुजे राहते व बटाटे पोसत नाहीत. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या तंबाखूवरील प्रयोगांत, 'वाय'च्या सोबतीने 'एक्स'चे प्रमाण दहा पटींपर्यंत वाढल्याचे आढळले.

असे का व्हावे? झाड आपल्या पेशींत शिरलेल्या विषाणूचे जननद्रव्य ओळखून त्याचे तुकडे करते. 'वाय' विषाणू एक प्रथिन तयार करून ही संरक्षणव्यवस्था लुळी पाडतो. मग आजवर आटोक्यात असलेला 'एक्स'ही मोकाट वाढतो.

प्रतिकारक जातीही याला अपवाद नाहीत. युगांडातील रताळ्याच्या काही जाती माव्यामार्फत पसरणाऱ्या एका विषाणूस दाद देत नाहीत. परंतु पांढऱ्या माशीमार्फत दुसरा विषाणू आला की त्यांची प्रतिकारशक्ती ढासळते आणि पहिल्या विषाणूचे प्रमाण शेकडो पटींनी वाढते.

विषाणुरोग जडलेले झाड औषधाने बरे होत नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपाय होय. दोन्ही विषाणू बियाण्याच्या बटाट्यातून पुढील पिकात उतरतात. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व खेड भागांत बियाणे पंजाबातून येते. ते प्रमाणित असल्याची खात्री करून घ्यावी. 'एक्स' हा हात, कपडे व बेणे कापण्याचा विळा यांच्या स्पर्शाने पसरतो, म्हणून शक्यतो लहान, अखंड बटाटे लावावेत. 'वाय' मावा पसरवितो आणि त्यास काही क्षणच पुरतात. त्यामुळे केवळ फवारणीवर विसंबून राहू नये. रोगट झाडे दिसताच बटाट्यांसह उपटून नष्ट करावीत. मागील पिकातील आपोआप उगवलेली झाडेही काढावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या मनावर बिंबवावी: सौम्य रोग दिसणाऱ्या शेतातील बटाटे बियाण्यासाठी राखू नयेत. यंदा निरुपद्रवी वाटणारा विषाणू पुढील हंगामात दुसऱ्याची साथ मिळताच सारे पीक बुडवू शकतो.