बोर: वाघाच्या नावावर, झाडांच्या जिवावर

वर्ध्याहून सेलूमार्गे हिंगणी गाठली की बोर धरण फार लांब नाही. धरणाच्या भोवतीचं हे जंगल 1970 साली अभयारण्य झालं, तेव्हा ते जेमतेम 61 चौरस किलोमीटरचं होतं. पुढे नवीन बोर आणि नवीन बोर विस्तारित अशी दोन अभयारण्यं त्याला लागून जाहीर झाली. 2014 मध्ये व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला तेव्हा एकूण क्षेत्र भरलं 138.12 चौरस किलोमीटर, त्या वेळी देशातला सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्प.

फाटकातून बाहेर पडणाऱ्या जिप्सीला आत शिरणारी जिप्सी एकच विचारते, ‘दिसला का?’ ‘नाही’ म्हटलं की समोरचे चेहरे पडतात. अस्वल, गवा, रानकुत्री सगळं फुकट गेलं. माझी तक्रार एवढीच, की ज्यांच्यामुळे हा वाघ इथे टिकला त्या झाडांची कोणी चौकशीच करत नाही.

फ्रान्समध्ये केवळ झाडं पाहायला जाण्याची रीत जुनी आहे. बियाण्यांचा व्यापार करणाऱ्या विल्मोरँ घराण्यातल्या एकाने 1821 साली ले बार इथली जमीन घेतली आणि निरनिराळ्या मुलखांतल्या बियांपासून वाढवलेले पाइन एकमेकांशी ताडून पाहायला लावले. त्यातून वृक्षसंग्रह उभा राहिला. आपल्याकडे बोरमध्ये झाडांना पाट्या नाहीत, ओळख आपणच करून घ्यायची.

सुरुवात ऐनापासून करावी. काळपट सालीवर उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी खवले झालेले असतात, मगरीची पाठच. उन्हाळ्यात या झाडाच्या खोडात पाणी साठलेलं असू शकतं, हे त्या कोरड्या सालीकडे बघून कोणाला खरं वाटणार नाही. साग तर सगळीकडेच. त्याचं कोवळं पान हातावर चोळलं की तळवा लाल होतो. गाइडने हे करून दाखवलं की मुलं वाघ विसरतात, निदान पाच मिनिटं. तेंदूचं पान विडीला जातं, फळं खायला. मोहाची फुलं रात्रीतून गळतात आणि ती माणसांनाही हवी असतात, अस्वलांनाही. भल्या पहाटे मोहाखाली गाठ पडली तर प्रसंग बाका.

जंगलात नवरगावचं गवताळ मैदान लागतं. इथे गाव होतं, ते उठवून बाहेर वसवलं. आता तिथे चितळ चरतात. पर्यटकाला मैदान छान वाटतं, आणि आहेही. पण घरादारासकट उठलेल्या माणसांचा हिशेब त्या छायाचित्रात येत नाही.

बोर लहान असूनही महत्त्वाचं का, ते नकाशावर कळतं. एकीकडे मेळघाट, दुसरीकडे पेंच, पलीकडे उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा. या सगळ्यांच्या मधोमध हा तुकडा आहे. वयात आलेल्या वाघाला एवढ्याशा जागेत हद्द पुरत नाही, तो बाहेर निघतोच. बाहेर कपाशी, तूर, संत्र्याच्या बागा आणि महामार्ग. बोरचा नावाजलेला बाजीराव वाघ डिसेंबर 2017 मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेला. म्हणून मला इथे आणखी एका फाटकापेक्षा रस्त्याखालून जनावरांना जायला वाट अधिक गरजेची वाटते.

परतीच्या वाटेवर सेवाग्राम करावं. आश्रमात 1936 मध्ये गांधीजींनी लावलेला पिंपळ आहे आणि कस्तुरबांनी लावलेली बकुळही. बोरमधली झाडं बिननावाची, इथली मात्र लावणाऱ्यांच्या नावाने ओळखली जातात. जमलं तर फाल्गुनात निघा. तेव्हा पळस पेटलेला असतो, मोह गळायला लागलेला असतो आणि जिप्सीही सहज मिळते. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसायची शक्यता जास्त, पण तोवर अर्धं जंगल निष्पर्ण झालेलं असतं आणि ऊन पंचेचाळीसच्या घरात गेलेलं.