प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पुढील वैद्यकीय यश

वैद्यकीय महाविद्यालयांत प्रवेश देतांना जी परीक्षा घेतात, तिच्या गुणांवरून विद्यार्थ्याचें पुढील यश कितपत ओळखतां येतें, हा प्रश्न अनेक कुटुंबांच्या आशानिराशेशीं निगडित आहे. अमेरिकेंत त्याचा दीर्घकाळ अभ्यास झालेला आहे. तेथें १९२० नंतरच्या दशकांत कांहीं महाविद्यालयांतून निम्म्यापर्यंत विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडीत. ही हानि टाळण्यासाठीं १९२८ सालीं फ्रेड मॉस यांच्या पुढाकारानें एक चांचणी सिद्ध झाली. आजची ‘एमकॅट’ ही तिचीच वंशज होय.

प्रवेशानंतर वैद्यकीच्या परवान्यासाठीं तेथें टप्प्याटप्प्यानें परीक्षा द्यावी लागते. २००७ सालीं अनेक पाहण्या एकत्र करून पाहतां एमकॅटचे व पहिल्या टप्प्याचे गुण यांचा सहसंबंध सुमारें ०.६ आढळला. शून्य म्हणजे संबंध नाहीं, एक म्हणजे पूर्ण संबंध. परंतु ०.६ म्हणजे शंभरांत साठ भाकितें खरीं, असा अर्थ कोणीं करूं नये. या संख्येचा वर्ग ०.३६, म्हणजे विद्यार्थ्यांविद्यार्थ्यांतील तफावतीपैकीं एकतृतीयांशाहून थोड्या अधिक भागाचाच मेळ पूर्वीच्या गुणांशीं बसतो.

दोन्ही परीक्षा लेखी, पर्यायी प्रश्नांच्या व वेळेनें बांधलेल्या. तेव्हां एवढें साम्य स्वाभाविकच आहे. रोग्याच्या खाटेजवळील कौशल्याशीं मात्र हा संबंध पुष्कळच क्षीण होतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तालमींत केवळ वजनदार मल्लच घेतले, तर त्यांच्यांत कोण जिंकेल हें वजनावरून फारसें सांगतां येत नाहीं. तेवढ्यानें वजन निरुपयोगी ठरत नाहीं. प्रवेश नाकारलेले विद्यार्थी पुढील परीक्षेस बसतच नाहींत; त्यामुळें दिसणारा संबंध मूळच्यापेक्षां दुबळा भासतो.

उलटपक्षीं, गुणांतील सूक्ष्म भेदाला अवास्तव महत्त्व देणेंही युक्त नव्हे. २०१५ पासून एमकॅटचे गुण ४७२ ते ५२८ यांच्या दरम्यान मोजतात व एकूण गुणांत दोन गुणांची कमीअधिक चूक गृहीत धरतात. मग ५०७ व ५०९ यांत श्रेष्ठकनिष्ठ कसें ठरवावें? पुढील निवडींत पहिल्या टप्प्याच्या गुणांवर भिस्त फार वाढली, हेंही एक कारण होऊन २६ जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचा निकाल केवळ उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण असाच दिला जातो.

सारांश, पूर्वीचे गुण ही सूचना आहे, निवाडा नव्हे. कोणास आरंभापासून अधिक साहाय्य हवें, हें त्यांवरून उमगतें. कोण चांगला डॉक्टर होईल, हें सांगण्याचें सामर्थ्य त्यांत नाहीं.